ईएसएलच्या बाई आहेत ना, मग आम्ही कशाला शिकायचं?

खडूची_धूळ
परवा इथे 'उन्हाळी छळ' नावाची एक पोस्ट आली होती. लेखक अमेरिकेत मिडल स्कूलला गणित शिकवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी शाळेने ईएसएलच्या (म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवणाऱ्या) बाई नेमल्या आहेत, गणिताला भाषा नसते, मग त्या मुलांना कसं शिकवायचं याचा कोर्स माझ्या सुट्टीत माझ्या गळ्यात का? खाली सगळ्यांनी 'अगदी अगदी' केलं. तिथेच लिहायला बसले, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

गणिताला भाषा नसते? 'फाइव्ह लेस दॅन एक्स' हे मुलांकडून एकदा लिहून घ्या. कितीतरी जण पाच वजा एक्स लिहितात, कारण शब्द त्याच क्रमाने कानावर येतात. गंमत म्हणजे मराठीत आपण 'क्षपेक्षा पाचने कमी' म्हणतो. क्ष आधी येतो. म्हणजे नुकतंच आलेलं मराठी पोर हे गणित इतरांच्या आधी सोडवेल, फक्त ते इंग्रजी वाक्य कुणीतरी त्याला उलगडून द्यायला हवं. ते कोण देणार? ईएसएलच्या बाई त्याला दिवसातून पाऊण तास भेटतात. उरलेला दिवस तो आपल्यासमोर बसलेला असतो.

मी सहावीला विज्ञान शिकवते. आमच्याकडे सकाळी सोशल स्टडीजमध्ये 'रेव्होल्युशन' म्हणजे क्रांती, आणि दुपारी माझ्या तासाला पृथ्वीची सूर्याभोवतीची प्रदक्षिणा. एका मुलाने पृथ्वीच्या हातात झेंडा काढून दिला. मी हसले. रात्री मात्र झोप लागेना, कारण चूक त्याची नव्हतीच.

आणि हे कुणाच्या लहरीवर चाललेलं नाही. लाऊ विरुद्ध निकोल्स खटला, १९७४. सॅन फ्रान्सिस्कोतली सुमारे अठराशे चिनी भाषक मुलं, ज्यांना इंग्रजीसाठी कसलीच मदत मिळत नव्हती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. पन्नास वर्षं झाली हो!

गणिती_गाढव
'उन्हाळी छळ'वाला तो मीच. आरती ओवाळल्याबद्दल आभारी आहे.

बाई, तुम्ही कोर्स केलाय का अलीकडे? मी केलाय. हिमनगाचं चित्र तीन वेळा आलं. वर दिसतं ते बोलण्याचं इंग्रजी, पाण्याखाली अभ्यासाचं इंग्रजी. कळलं! पहिल्यांदाच कळलं! त्यानंतर गटात बसून रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवा. सोमवारी बीजगणिताच्या तासाला काय करू, हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. शिकवणारीने आयुष्यात गणित शिकवलेलं नव्हतं. फ्लोरिडात तर १९९० च्या न्यायालयीन करारापासून गणित-विज्ञानवाल्यांना अशा प्रशिक्षणाचे ६० तास आणि इंग्रजी भाषा शिकवणाऱ्यांना ३००. तीनशे तास हिमनग बघायचा?

'लेस दॅन'चं उदाहरण मात्र मी चोरणार आहे. तुमच्या एका परिच्छेदात माझ्या अख्ख्या कोर्सपेक्षा जास्त माल आहे, यात माझीच बाजू सिद्ध होते, तुमची नव्हे.

दोन_मुलांची_आई
मूळ विषय बाजूला ठेवून विचारते, ही मुलं ईएसएलच्या यादीत जातात कशी ते बघितलंय का कुणी? शाळाप्रवेशाच्या वेळी होम लँग्वेज सर्व्हेचा, म्हणजे घरी कोणती भाषा बोलता ते विचारणारा फॉर्म येतो. मी प्रामाणिकपणे 'मराठी' लिहिलं. मुलगी इथे जन्मलेली, चौथ्या वर्षी इंग्रजी पुस्तकं वाचणारी. केजीत तिची परीक्षा घेतली, अनोळखी बाईसमोर ती बोलली नाही, झाली ईएसएलमध्ये रवानगी. वर्गात गोष्ट सुरू झाली की हिला उठवून दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या मुलाच्या वेळी मी सरळ 'इंग्लिश' लिहून मोकळी झाले. आमच्या ओळखीत सगळे तेच करतात.

उगाचच
+१. आम्हीही तेच केलं. घरात मराठी बोललो त्याची शिक्षा.

खडूची_धूळ
मदत मिळणं ही शिक्षा कधीपासून झाली? आणि नको असेल तर पालकांना लेखी नकार देता येतो. दरवर्षीची परीक्षा तेवढी मूल पास होईपर्यंत द्यावी लागते. त्यासाठी खोटं लिहायची गरज नाही.

दोन_मुलांची_आई
दरवर्षीची परीक्षा 'तेवढी'! ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, चारही. तुमच्या मुलाला बसवा आणि मग 'तेवढी' म्हणा. आमची मुलं त्या मुलांसारखी नाहीत, हे शाळेला दिसत नाही का?

निळी_शाई
'त्या मुलांसारखी' म्हणजे कोणासारखी? जरा स्पष्ट लिहा ना.

दोन_मुलांची_आई
ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासारखी. माझ्या तोंडी भलतं घालू नका.

निळी_शाई
काही घालत नाही, तुम्हीच लिहिलंत. इथे सगळ्यांना एकच काळजी, आपलं मूल त्या खोलीत दिसायला नको. कारण त्या खोलीत कोण बसतं ते माहीत आहे.

उगाचच
आता जातीय रंग देऊन टाका. तेवढंच राहिलं होतं.

काठावरचा
सहसा लिहीत नाही, पण हे सांगतो. आमचा मुलगा नवव्या वर्षी इथे आला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांनी हेच सांगितलं, 'इंग्लिश लिहा, नाहीतर मागे पडेल.' लिहिलं. कुणी त्याची परीक्षा घेतली नाही, मदतही दिली नाही. तो आठ महिने वर्गात गप्प बसला. शिक्षिका वाईट नव्हती, त्याच्याशी हळू आणि मोठ्याने बोलायची, जणू तो बहिरा आहे. नवीन भाषेत पडलेलं मूल सुरुवातीला असं गप्प राहू शकतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी आम्हाला बोलावून विशेष शिक्षणासाठी तपासणी करू या म्हणाली. घरी हा पठ्ठ्या धाकट्या बहिणीला भागाकार शिकवत होता. मराठीत.

फॉर्मवर खोटं मी लिहिलं होतं, त्यामुळे तिला दोष देताना जीभ अडखळते.

गणिती_गाढव
काठावरचा, हे वाचून जरा गप्प झालो. मीही मोठ्याने बोलतो. आजवर लक्षात आलं नव्हतं.

पण धागालेखिकेला एक विचारतो. माझ्या वर्गातला एक मुलगा तीन वर्षांपूर्वी आला. मधल्या सुट्टीत माझ्यापेक्षा फाडफाड इंग्रजी बोलतो, विनोद करतो. शाब्दिक उदाहरणं आली की कोरा कागद. याला मी आळस समजायचा नाही?

खडूची_धूळ
नाही. तो तुमचा हिमनग. (माफ करा, राहवलं नाही.) जिम कमिन्स या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकाने १९७९ मध्ये हाच फरक मांडला. मैदानावरचं इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतं, पुस्तकी इंग्रजीला पाच ते सात लागतात. म्हणजे हा ऐन मधे आहे. त्याला तेच उदाहरण आधी नुसतं वाचू द्या, आकडे झाकून. काय चाललंय ते शेजाऱ्याला सांगायला लावा, मग आकडे उघडा. शिवाय प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबा. दोन सेकंद थांबतो आपण, मी मोजलंय. घड्याळ समोर ठेवून दहा सेकंद थांबून बघा, जीव जातो.

आणि कोर्सबद्दल: तुमचा कोर्स टुकार होता, मान्य. माझाही होता. विषयाच्या शिक्षकाला त्याच्या विषयाच्या वाक्यांवर काम करायला देत नाहीत, तोवर तो टुकारच राहणार. पण म्हणून कोर्सच नको म्हणालात तर १९८१ चा कास्तान्येदा विरुद्ध पिकार्ड निकाल आडवा येतो. त्यानुसार अशा मुलांसाठीचा कार्यक्रम नुसता कागदावर असून चालत नाही, तो चालवणारी माणसं आणि साधनं हवीत, आणि पुढे त्याचा परिणामही दिसायला हवा.

गणिती_गाढव
निकाल फेकायची सवय सोडा. आकडे झाकण्याचं सोमवारी करून बघतो. जमलं तर मी 'गणिताला भाषा नसते' हे वाक्य मागे घेईन. 'छळ' हा शब्द राहील.

उगाचच
म्हणजे समेट झाला? पॉपकॉर्न वाया गेलं.

दोन_मुलांची_आई
फॉर्मवर मी 'इंग्लिश'च लिहिणार. कितीही निकाल सांगा.

काठावरचा
लिहा. आठ महिन्यांनी भेटू.