श्रेय एकट्या इंजिनांचे नाही
‘फ्रान्सिस्को’ या वेगवान फेरीबोटीच्या वेगाचे सारे श्रेय तिच्या दोन गॅस टर्बाइन इंजिनांना दिले जाते, ते मला अपुरे वाटते. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात इनकॅट या कंपनीने बांधलेल्या या ९९ मीटर लांबीच्या कॅटमरानने (दोन समांतर सांगाड्यांच्या जहाजाने) २०१३ च्या चाचणीत ५८.१ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १०८ किलोमीटर वेग गाठला, त्यात अॅल्युमिनियमच्या हलक्या बांधणीचा आणि लाटेवर न चढता ती चिरत जाणाऱ्या सांगाड्यांच्या दोन निमुळत्या पुढच्या टोकांचाही तेवढाच वाटा आहे. प्रोपेलरऐवजी मागे पाण्याचा झोत फेकणारी वॉटरजेट आहेत. अर्थात चाचणीत जहाज जवळजवळ रिकामे होते. अर्जेंटिनातील ब्वेनोस आइरेसहून उरुग्वेतील मोंतेविदेओला हजारभर प्रवासी आणि दीडशे मोटारी नेताना तोच आकडा गृहीत धरणे बरोबर होणार नाही.