खलनायकाचं कारण याच भागात सांगायचं की पुढच्यासाठी राखायचं?

पानपलटी

दोन भागांच्या चित्रपटाची पटकथा लिहिते आहे. पहिला भाग खेचून नेतो तो खलनायक. बंदरावर त्याचं राज्य, सगळे त्याला 'मालक' म्हणतात. ऐन मध्यंतराला हा मालक सख्ख्या धाकट्या भावाला बोटीतल्या खोलीत कोंडतो, बाहेरून कडी घालतो आणि बोट पेटवून देतो. भाऊ आतून दार बडवतोय. हा धक्क्यावर उभा राहून मनगटावरच्या घड्याळाला शांतपणे चावी देतो आणि चालायला लागतो.

का? कारण माझ्याकडे तयार आहे. दोघं पोरवयात असताना बाप पाण्यात बुडत होता, दोर धाकट्याच्या हातात होता आणि त्याने तो टाकला नाही. मालकाने ते लांबून पाहिलं आणि इतकी वर्षं पोटात ठेवलं. मध्यंतरानंतर याचा आठ पानांचा फ्लॅशबॅक आहे, म्हणजे पडद्यावर साधारण आठ मिनिटं. निर्मात्यांचं म्हणणं, ही आठ पानं उचला आणि दुसऱ्या भागात टाका. लोकांना प्रश्न घेऊन घरी जाऊ दे.

मला पटत नाही. कारण कळलं नाही तर मध्यंतरानंतर सव्वा तास हा माणूस नुसता क्रूर दिसणार. नुसत्या क्रूर माणसाची भीती मला पंधरा मिनिटं वाटते, मग जांभया येतात. 'पुढच्या भागात कळेल' हे तर हल्ली ढिसाळ लिखाणावरचं पांघरूणच झालंय. पण खरं सांगायचं तर ती आठ पानं आली की गोष्ट थबकते, हेही दिसतंय. तर एका भागात खलनायकाचं कारण उघड व्हायलाच हवं का? आणि किती? उदाहरणं देऊन बोला, 'ते कथेवर अवलंबून आहे' म्हणून सटकू नका.

सोडावॉटर

गब्बरला कोणी विचारलं होतं का, बाबा रे तू डाकू का झालास? १९७५ पासून कोणाचं काही अडलेलं नाही. कापा ती आठ पानं.

कातरकाम

सोडावॉटर, अर्धंच सांगताय. गब्बर डाकू का झाला हे 'शोले'त नाही, कबूल. पण ठाकूरवर त्याचा दात का, हे त्याच चित्रपटात रीतसर फ्लॅशबॅक घालून दाखवलंय. ठाकूरने पकडलं, गब्बर तुरुंगातून निसटला, ठाकूरच्या घरची माणसं मारली, मग हात तोडले. यातलं काहीही दुसऱ्या भागावर ढकललं असतं तर ठाकूर जय-वीरूला कशासाठी शोधतोय तेच कळलं नसतं.

मी संकलनाच्या टेबलावर बसतो, म्हणून मला हे दोन वेगळे प्रश्न दिसतात. हा माणूस असा का झाला, हा एक. आणि या गोष्टीत त्याने हे कृत्य का केलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पाच भाग लांबवा, नाहीतर देऊच नका. दुसऱ्याचं मात्र त्याच भागात लागतं, कारण पुढचे सगळे प्रसंग त्या कृत्यावर उभे असतात.

'स्टार वॉर्स' (१९७७) बघा. खलनायक डार्थ व्हेडर. मुखवट्यामागे कोण आहे, कुठून आला, चित्रपट फारसा सांगत नाही. पण सुरुवातीच्या काही मिनिटांतच व्हेडर एका कप्तानाला गळा धरून उचलतो आणि आराखडे कुठे आहेत म्हणून विचारतो. याला काय हवंय ते कळलं, विषय संपला. तो नायकाचा, म्हणजे ल्यूकचा, बाप असल्याचं १९८० च्या भागात आलं, आणि गंमत अशी की त्या भागाच्या पहिल्या मसुद्यातही ते नव्हतं. तिथे ल्यूकचे वडील वेगळे आहेत, भुताच्या रूपात येतात. म्हणजे पहिल्या भागात मुद्दाम राखून ठेवलेलं असं काही नव्हतंच. सांगण्यासारखं त्यांनी सांगून टाकलं होतं.

पानपलटी, तुमची बोट दुसऱ्या प्रश्नात मोडते. सख्खा भाऊ जाळलाय.

शेवटची रांग

मी फक्त तिकीट काढणारा माणूस, म्हणून उलट बाजू मांडतो. कारण कळलं की खलनायक बुटका होतो. १९७८ च्या 'हॅलोवीन'मधला मायकेल मायर्स का मारतो, कोणालाच माहीत नाही, आणि म्हणूनच अंगावर येतो. १९८१ च्या दुसऱ्या भागात सांगितलं की ज्या मुलीच्या मागे तो लागलाय ती त्याची बहीण. झालं, भुताचं घरगुती भांडण करून टाकलं! २०१८ च्या चित्रपटाने ते बहीण प्रकरण सरळ काढूनच टाकलं.

आणि 'द डार्क नाइट'? जोकर तोंडावरच्या व्रणांची एक गोष्ट सांगतो, त्यात बाप. दुसऱ्यांदा सांगतो, त्यात बायको. शेवटी बॅटमनलाही सांगायला जातो, तर बॅटमन त्याला पुरतं सांगूच देत नाही. इतकी मोठी टोपी घातली तरी आम्ही खूश. मग तुमच्या मालकाला कारण कशाला?

पानपलटी

शेवटची रांग, व्रणांचं उदाहरण आवडलं, पण ते कातरकाम यांच्या पहिल्या प्रश्नात बसतं. त्याच चित्रपटातला दोन फेरीबोटींचा प्रसंग आठवा. एका बोटीवर कैदी, दुसरीवर सामान्य माणसं, आणि प्रत्येकीच्या हातात दुसरी बोट उडवायचं बटण. त्याला काय सिद्ध करायचंय हे त्या एका मांडणीत उघडंनागडं आहे: वेळ आली की सगळेच एकमेकांना खातात. तो कुठून आला ते माहीत नाही, तरी त्या रात्री तो हे का करतोय ते थिएटरमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. माझ्या मालकाबद्दल तेवढंही ठाऊक नसणार, हीच तर तक्रार आहे. तुम्हाला नुसता जळणारा भाऊ दिसेल आणि हातातलं घड्याळ दिसेल.

निर्माते दर बैठकीत 'बाहुबली' काढतात. कटप्पाने बाहुबलीला का मारलं, यावर दोन वर्षं लोक थांबले की नाही? यावर काय बोलू?

कातरकाम

हे बोला की तिथे राखून ठेवलेलं कारण खलनायकाचं नव्हतंच. २०१५ च्या पहिल्या भागात भल्लालदेवाचं सगळं कारण मांडून झालंय. चाल करून आलेल्या कालकेय टोळीने बंदी केलेल्या प्रजेला ढालीसारखं पुढे उभं केलं, तर भल्लाल त्यांना तुडवत पुढे गेला. बाहुबलीने त्यांना वाचवत लढाई लढली. शेवटचा घाव घालून कालकेयांच्या म्होरक्याला मारलं भल्लालने, आणि राजमाता शिवगामीने राजा ठरवलं बाहुबलीला. त्या घोषणेच्या वेळचा भल्लालचा चेहरा पाहा, दुसऱ्या भागाची गरजच नाही. २०१७ पर्यंत लटकवला तो कटप्पा, म्हणजे आपल्याला आवडणारा, विश्वासू माणूस. आवडत्या माणसाने घात केला की प्रश्न दोन वर्षं टिकतो. अनोळखी क्रूर माणसाने केला तर लोक पार्किंगमध्ये पोचेपर्यंत विसरतात.

सोडावॉटर

आणि नुसतंच राखून ठेवलं की काय होतं तेही सांगा. नव्या 'स्टार वॉर्स'मधला खलनायक स्नोक. २०१५ ला आला, २०१७ ला अर्धा कापला गेला, आणि २०१९ ला कळलं की याला जुन्या भागांतला सम्राट पॅल्पटिन यानेच बनवलं होतं. तोवर विचारणारे घरी गेले होते. त्यापेक्षा आपला तात्या विंचू बरा, १९९३ साली त्याला लक्ष्याच्याच अंगात का शिरायचंय ते एकाच चित्रपटात नियमासकट सांगून मोकळा.

पानपलटी

😄 तात्या विंचूचा दाखला पुढच्या बैठकीत देते, काय होतं बघू.

कातरकाम

आता कामाचं. पहिल्या भागातून आठ पानं जाऊ देत, मी निर्मात्यांच्या बाजूने आहे. थबकणारा फ्लॅशबॅक मीही कापलाच असता. पण घड्याळ काढा. घड्याळाची चावी म्हणजे 'बघा मी किती थंड डोक्याचा', ते हजार खलनायकांनी करून झालंय. त्याच्या हातात दोर द्या. भाऊ दार बडवतोय, हा दोराचं वेटोळं हातात घेऊन उभा आहे आणि टाकत नाही. त्याआधी विसाव्या मिनिटाच्या आसपास कोणाच्या तरी तोंडी एकच ओळ: थोरले मालक बुडाले तेव्हा धाकटा जवळच होता. अपघात म्हणून सांगू दे, बोलणाऱ्याला काही माहीत नसू दे.

प्रेक्षक दोन आणि दोन चार करेल. हा बापाचा हिशेब आहे, एवढं या भागात कळलं. नेमकं काय घडलं, धाकट्याने दोर का टाकला नाही, आणि मालकाने पाहूनही तेव्हा हाक का मारली नाही, हे दुसऱ्या भागाला पुरून उरेल. माझ्या मते तिसरा प्रश्न सगळ्यांत जबरी आहे. तुमच्या सारांशात त्याचं उत्तर नाही. आहे का तुमच्याकडे?

पानपलटी

नाही. त्याने हाक का मारली नाही हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. दोर घेते. विसाव्या मिनिटाची ओळ बंदरावरच्या म्हाताऱ्या कारकुनाच्या तोंडी घालता येईल, तो तसाही बडबड्या आहे.

शेवटची रांग

दोर चालेल मला. मात्र मालकाच्या चेहऱ्याचा क्लोजअप घेऊन वर करुण बासरी लावू नका, एवढं पाहा.

कातरकाम

अनुमोदन. आणि ती आठ पानं फेकू नका. मालकाचं काम करणाऱ्या नटाला पहिल्या वाचनाआधी द्या, दिग्दर्शकाला सांगून.