परदेशी निवासी कार्यक्रमात लिहिलेले नाटक कोणत्या प्रेक्षकाचे?

धागाकर्ता
परदेशी रंगसंस्थेच्या निमंत्रणावरून काही आठवडे तिथे राहून नाटक लिहिण्याची संधी मिळणे हा नाटककाराचा मोठा सन्मान समजला जातो. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरने १९८९ पासून अनेक देशांतील नाटककारांना अशा निवासी कार्यशाळांसाठी बोलावले आहे. आयोवा विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम तर १९६७ मध्येच सुरू झाला. या संस्थांचे काम मला नाकारायचे नाही. माझा आक्षेप अशा कार्यक्रमांच्या रचनेवर आहे.

कादंबरीकार परक्या शहरात एकटा बसून लिहू शकतो. नाटककाराला मात्र पहिल्या खर्ड्यापासून नट लागतात, कारण संवाद मोठ्याने ऐकल्याशिवाय तो उभा राहतो की नाही हे कळत नाही. अशा कार्यक्रमांत नट यजमान देशाचे असतात, संहितेचे वाचन त्यांच्या भाषेत होते आणि सूचना देणाऱ्या दिग्दर्शकाला बहुधा मूळ भाषा येत नाही. त्याला जे उमगत नाही ते 'संदिग्ध' ठरते. मग मूळ प्रेक्षकाला नुसत्या मौनातून कळला असता असा नात्यातला ताण लेखक पात्रांच्या तोंडून समजावून सांगू लागतो आणि हळूहळू संपूर्ण नाटक स्वतःच्याच समाजाचा परिचय करून देणारे होते. म्हणून माझे मत असे, की घरी प्रयोग झालेल्या नाटकाच्या भाषांतरासाठी हे कार्यक्रम जरूर असावेत, पण नव्या नाटकाचा पहिला खर्डा तिथे लिहू नये.

प्रतिसाद १
पूर्णपणे असहमत. गिरीश कार्नाड १९८७-८८ मध्ये अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्ती योजनेखाली शिकागो विद्यापीठात निवासी नाटककार होते आणि 'नागमंडल' त्यांनी त्याच काळात लिहिले. कर्नाटकातील मौखिक कथांवर बेतलेले हे नाटक तिथल्या विद्यापीठाच्या रंगमंचावर झाले, पुढे मिनियापोलिसच्या गथ्री थिएटरने ते केले आणि त्याच थिएटरने त्यांच्याकडून पुढचे नाटकही लिहवून घेतले. यातून 'नागमंडल'चे कन्नडपण कुठे उणावले? उलट घरच्या दैनंदिन जबाबदाऱ्यांपासून दूर गेल्यावरच आपल्या कथांकडे सलगपणे पाहण्याची सवड लेखकाला मिळते.

प्रतिसाद २
धागाकर्त्यांचा निष्कर्ष मला पटतो, पण वेगळ्या कारणासाठी. प्रश्न भाषेइतकाच पैशाचाही आहे. भारतीय नाटककार अभिषेक मजुमदार यांच्या तिबेटविषयक 'पाह-ला' या नाटकाचे रॉयल कोर्टमधील प्रयोग रद्द झाले. चीनमधील एका कला-प्रकल्पाला धक्का लागू नये म्हणून हे झाल्याचा आरोप लेखकाने केला, २०१८ मध्ये थिएटरने माफी मागितली आणि २०१९ मध्ये नाटक तिथे झाले. प्रयोग अखेर झाले हे चांगलेच. तरीही पाहुण्या लेखकाचे नाटक यजमान देशाच्या सांस्कृतिक संबंधांत कसे अडकू शकते हे त्यातून दिसले. आयोवाच्या कार्यक्रमाला तर २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने अनुदान थांबवल्याचा मोठा फटका बसला. सरकारी धोरण बदलताच ज्याचे दार बंद होऊ शकते, त्या निमंत्रणाला निव्वळ कलात्मक देवाणघेवाण म्हणणे मला जड जाते.

धागाकर्ता
प्रतिसाद १ मधील उदाहरण माझ्याच बाजूचे आहे असे मी नम्रपणे सुचवतो. कार्नाड तिथे गेले तेव्हा 'तुघलक' आणि 'हयवदन' लिहून झालेली होती, त्यामुळे त्यांना कुणाच्या सूचनांपुढे वाकण्याचे कारण नव्हते. शिवाय त्या कथा त्यांना पूर्वी ज्यांच्याकडून कळल्या होत्या ते कवी व लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन त्याच विद्यापीठात शिकवत होते. म्हणजे परदेशातही आपल्या भाषेत ऐकणारा जाणकार त्यांच्याजवळ होता. पहिले-दुसरे नाटक लिहिणाऱ्या लेखकाला यातले काय मिळते?

प्रतिसाद १
मग आपल्या भाषेत ऐकणारा जाणकार नव्या लेखकालाही मिळावा, हीच मागणी करा. पहिल्या खर्ड्यावर बंदी कशासाठी? न्यूयॉर्कच्या लार्क या संस्थेने मेक्सिकोच्या नाटककारांसाठी चालवलेल्या उपक्रमात भाषांतरकार स्वतः नाटककार असे आणि मूळ लेखकासह नटांबरोबर बसून संहितेवर काम करी. २०२१ मध्ये ती संस्था बंद झाली याची मला खरोखर हळहळ वाटते. आणि 'आधी घरी प्रयोग व्हावा' या अटीचा अर्थ नीट पाहावा. ज्या भाषेत नव्या लेखकाला कुणी रंगमंच देत नाही, किंवा जिथे प्रयोगाआधी संहिता सरकारला दाखवावी लागते, तिथल्या लेखकाला ही अट कायमची बाहेर ठेवते. सर्वांत जास्त गरज त्यालाच असते.

प्रतिसाद ३
मी नाटकांची भाषांतरे करते, म्हणून व्यवहारातली एक बाब मांडते. भाषांतरकाराला अनेकदा संहिता पूर्ण झाल्यावर बोलावले जाते आणि थोड्या दिवसांत मजकूर मागितला जातो, त्यामुळे वाचनाच्या वेळी नट अडखळतात आणि दोष मूळ नाटकावर येतो. भाषांतरकार पहिल्या दिवसापासून सोबत असावा व त्याचे मानधन कार्यक्रमाच्या खर्चातच धरलेले असावे. मूळ भाषेतील प्रयोगाचे हक्क कोणत्याही अटीशिवाय लेखकाकडे राहतील असे करारात स्पष्ट लिहावे; यजमानाचा प्रयोग होईपर्यंत थांबण्याची अट तर मुळीच मान्य करू नये. एवढे मिळत असेल तर पहिला खर्डा कुठेही लिहावा. मिळत नसेल, तर मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.