उबुंटू २४.०४, जीटीएक्स १०५० टीआय : ड्रायव्हर बदलल्यापासून एकच मॉनिटर, तोही १०२४ बाय ७६८

ताणाबाणा :
अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरींच्या जकार्ड डिझाइनचं मशीन आहे, दोन मॉनिटरवालं. ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मध्ये एनव्हीडिया ग्राफिक्स कार्डाच्या ५८० आवृत्तीच्या ड्रायव्हरचे दोन पर्याय दिसत होते, त्यातला ‘ओपन’ निवडला. रीस्टार्टनंतर दुसरा मॉनिटर बंद. कार्डाची माहिती देणारी एनव्हीडिया-एसएमआय ही कमांड कार्ड दाखवतच नाही. तोच ड्रायव्हर काढून परत टाकला, तरी तेच. सिक्युअर बूट (सही नसलेलं मॉड्यूल अडवणारी सोय) चालू आहे.

काळी_स्क्रीन :
परत परत टाकून काय होणार ओ? आधी सुडो लावून डीएमसेग (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) चालवा आणि एनव्हीआरएमच्या, म्हणजे एनव्हीडिया ड्रायव्हरच्या ओळी वाचा. कार्डात जीएसपी नाही म्हणून ओपन मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग) चालणार नाही, अशा अर्थाची ओळ असेल. जीएसपी म्हणजे कार्डावरचा वेगळा प्रोसेसर; ओपन मॉड्यूलचं बरंचसं काम तोच करतो. तो ट्युरिंग पिढीपासून आला, म्हणजे १६५० किंवा २०६० वर आहे. तुमचं १०५० टीआय त्याआधीच्या पास्कल पिढीचं. नुव्हो, म्हणजे लिनक्सचा स्वतःचा पर्यायी ड्रायव्हर, आधीच ब्लॅकलिस्ट झालेला असतो, त्यामुळे बूटच्या वेळचा साधा फ्रेमबफर (ड्रायव्हरशिवायचं जुजबी चित्र) तेवढा उरतो. म्हणून १०२४ बाय ७६८.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनलवर जा. एनव्हीडियाची सगळी पॅकेजं अ‍ॅप्टने पर्ज करा (सेटिंगसकट काढा), ऑटोरिमूव्ह चालवा, मग ‘ओपन’ न लिहिलेलं एनव्हीडिया-ड्रायव्हर-५८० टाका. ५९० च्या वाटेला जाऊ नका, पास्कलचा सपोर्ट ५८० लाच संपतो.

फणी_आणि_धोटा :
वरचं बरोबर. फक्त पर्ज चालू असताना लाइट गेली तर डीपीकेजी (पॅकेज टाकणारा-काढणारा प्रोग्रॅम) अर्धवट अडकतं, त्यामुळे आधी यूपीएस बघा. अडकलंच तर सुडो डीपीकेजी, पुढे दोन डॅश जोडून कॉन्फिगर, मग स्पेस देऊन डॅश ए. केबल मदरबोर्डच्या नव्हे, कार्डाच्याच पोर्टला आहे ना, हेही पाहा. आणि कॅबिनेट उघडलंच आहे तर पंख्यातला कापसाचा फुफाटा ब्रशने काढा. आपल्याकडे कारखान्यातल्या कार्डाचा हीटसिंक त्यानेच बुजतो.

ताणाबाणा :
जीएसपीचीच ओळ होती. साधा ५८० टाकला. टाकताना पासवर्ड मागितला, तो दिला. रीस्टार्टला निळी स्क्रीन आली आणि काही करायच्या आत गेली. आता मॉड्यूल चढवणारी मोडप्रोब कमांड म्हणतेय ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’.

काळी_स्क्रीन :
ड्रायव्हर ठीक आहे, सही मंजूर व्हायची राहिली. डीकेएमएसने (मॉड्यूल तुमच्याच मशीनवर तयार करणारी सोय) बनवलेलं मॉड्यूल तुमच्याच मशीनच्या किल्लीने सही होतं आणि ती किल्ली फर्मवेअरला अजून ओळखीची नाही. किल्ली नोंदवायला सुडो मोकुटिल या कमांडला इम्पोर्टचा पर्याय द्या. फाइल आहे वार, लिब, शिम-साइन्ड, मोक या फोल्डरमध्ये, नाव मोक डॉट डीईआर. पासवर्ड नुसत्या आकड्यांचा ठेवा, निळ्या स्क्रीनवर मराठी कीबोर्ड नसतो. रीस्टार्ट केल्यावर १० सेकंदांच्या आत कुठलंही बटण दाबा, मग एनरोल मोक (मोक म्हणजे हीच मशीनची किल्ली), कंटिन्यू, येस, पासवर्ड, रीबूट. चहाला उठू नका तेवढ्यात.