शब्दचर्चा : महिरप म्हणावं की कमान? कोयरी की पेझली?

विचारणा

वास्तुरचना आणि वस्त्ररचना शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन आहे. परक्या मुलखातून आलेले आकार आजच्या घरांत आणि कपड्यांत कसे उतरतात, असा यंदाचा विषय. फलक मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मुलांनी दिलेल्या मजकुरात 'स्कॅलप्ड आर्च', 'बॅलस्टर कॉलम', 'पेझली प्रिंट', 'इकत फॅब्रिक' असे शब्द आहेत आणि 'फ्यूजन' तर जवळजवळ प्रत्येक फलकावर. लोकांच्या तोंडी असलेले मराठी शब्द हवेत, कोशात बसून घडवलेले नकोत. 'कमान' आणि 'महिरप' एकच का, हेही सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी कमान-महिरपीचं बघू. या दोन शब्दांत फरक आहे आणि तो जपण्यासारखा आहे.

'कमान' फारसी. मूळ अर्थ धनुष्य. दगड किंवा विटा एकमेकांना रेटत उभ्या राहतात, मधोमध कळीचा दगड बसतो आणि वरचं ओझं दोन्ही बाजूंच्या भिंतींत उतरतं, ती कमान. वेशीची कमान, पुलाची कमान, तळघराची कमान. ती काढली तर वरचं बांधकाम खाली येईल.

'महिरप' अरबी 'मिहराब'वरून आली. मशिदीत किब्ल्याची, म्हणजे मक्केकडची, दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा म्हणजे मिहराब. मराठीत येताना शब्दाने तो धार्मिक अर्थ मागे ठेवला आणि फक्त आकार घेतला. पेशवाईतल्या वाड्यांचा चौक आठवा. दोन लाकडी खांब, त्यांवर आडवी तुळई, आणि तुळईखाली दोन खांबांच्या मधल्या जागेत बसवलेली पाकळ्या-पाकळ्यांची नक्षीदार फळी. ती महिरप. ओझं तुळईने आणि खांबांनी पेललेलं असतं. महिरपीच्या फळ्या उद्या उतरवून ठेवल्या तरी वरचा मजला जागचा हलणार नाही. पुण्यात विश्रामबागवाडा किंवा वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा बघायला गेलात, तर खांबाशेजारी उभं राहून मान वर करा. महिरपीची फळी खांबाला आणि तुळईला कुठे टेकलीय ते बघितलं की हे लगेच कळतं.

पाकळ्यांची ही महिरप शाहजहानच्या बांधकामांत सर्रास दिसू लागली. आग्रा आणि दिल्लीच्या किल्ल्यांतले दिवाण-ए-आम त्यासाठी प्रसिद्ध आहेत. तिथे ती दगडाची, आपल्याकडे सागवानाची. आपल्या सुतारांनी तो आकार असा पचवला की आज गौरी-गणपतीच्या मखराला महिरप लागते, जेवणाच्या ताटाभोवती रांगोळीची महिरप काढतात आणि शाळेत संच लिहिताना मुलं महिरपी कंस वापरतात. अरबस्तानातून निघालेला शब्द बीजगणिताच्या वहीपर्यंत पोचला, आणि तो परका आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. मला याचं फार अप्रूप आहे.

तेव्हा 'स्कॅलप्ड आर्च'साठी 'पाकळ्यांची महिरप' लिहा. मात्र मुलांनी खरोखर ओझं पेलणारी रचना केली असेल तर 'पाकळीदार कमान' म्हणा. फलक वाचणाऱ्या माणसाला त्या एका शब्दावरून रचना कळेल. इंग्रजी शब्दातून ती कळत नाही.

त्याच वाचकाचा पुढचा प्रतिसाद

'बॅलस्टर कॉलम' राहिला होता. त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे : सुरूचा खांब, किंवा सुरूदार खांब. खाली कमळाच्या पाकळ्यांची बैठक, त्यावर फुगीर पोट, वर निमुळता होत गेलेला देह. सुरू म्हणजे फारसीतलं 'सर्व', सरळसोट वाढणारं ते झाड. शाहजहानच्या काळच्या फारसी लिखाणातही अशा खांबाला 'सर्व-अंदाम', म्हणजे सुरूच्या बांध्याचा, असं म्हटलेलं आहे.

तुमच्या प्रदर्शनाच्या विषयाला नेमकी लागू पडणारी गोष्ट इथेच आहे. मुघल वास्तुकलेच्या अभ्यासक एबा कॉख यांनी असं दाखवलंय की मुघलांचा हा खांब युरोपातून आलेल्या छापील चित्रांवरून उचललेला आहे. म्हणजे युरोपातल्या कागदावरचा आकार आग्र्यात संगमरवरात आला, तिथून दक्षिणेत आला, पुण्या-वाईच्या वाड्यांत सागवानात कोरला गेला, आणि आज एखाद्या हॉटेलवाल्याला 'अस्सल मराठमोळं' वातावरण हवं असलं की तो पहिल्यांदा सुरूचे खांब उभे करतो. यात चूक काहीच नाही. तो खांब मराठी झालाच आहे. फक्त फलकावर 'पारंपरिक महाराष्ट्रीय खांब' एवढंच लिहून थांबू नका, त्याचा प्रवासही लिहा. मुलांना आपण काय उसनं घेतलं हे जसं कळायला हवं, तसं आपल्या सुतारांनी त्यात काय घातलं हेही कळायला हवं.

दुसऱ्या वाचकाचा प्रतिसाद

घराण्याने शिंपीकाम करणाऱ्यांपैकी मी एक. कपड्यांच्या बाजूने थोडं लिहितो.

'विजार' बघा. मूळ अरबी 'इजार'. हजला जाणारे पुरुष आजही कमरेला न शिवलेलं वस्त्र गुंडाळतात, त्याला इजारच म्हणतात. आपल्याकडे येईपर्यंत तिला दोन पाय फुटले, नाडी आली आणि ती शिवणाची वस्तू झाली. 'पायजमा'त पाय आणि जामा, म्हणजे वस्त्र, हे दोन फारसी शब्द आहेत. इंग्रज तो शब्द घेऊन गेले आणि त्यांनी त्याचे झोपायचे कपडे केले. म्हणून आज दुकानात 'नाइट पायजमा' मिळतो आणि गावाकडचा माणूस तोच घालून तालुक्याला जातो. 'सगळा जामानिमा करून निघाला' असं आपण म्हणतो त्यातला जामाही हाच. 'सदरा' छातीवरून आलेला, अरबी 'सद्र' म्हणजे छाती. 'अस्तर' फारसी. 'फीत' पोर्तुगीज.

आणि 'काज'. बटणाचं काज. मला वर्षानुवर्षं वाटायचं की हा आपलाच जुना शब्द असणार, कारण शिंप्याच्या दुकानात 'काज-बटण' हे दिवसातून शंभरदा कानावर पडतं. पोर्तुगीजमध्ये 'काझा' म्हणजे घर, आणि बटण जिथे शिरतं त्या भोकालाही तिथे 'काझा'च म्हणतात. त्यावरून आपलं काज. आपल्याकडच्या जुन्या कपड्यांना बंद असायचे. बाराबंदी हे नावच त्यावरून पडलं. बटण लावायची रीत आली तशी त्याच्या घराचा शब्दही सोबत आला. वास्तू आणि वस्त्र या दोन्ही शाखांची मुलं एकाच प्रदर्शनात आहेत, तर हा शब्द कुठेतरी लावाच.

मुलांना एक सांगा. हाताने काज करताना आधी कापड कापतात, मग कडेने दोरा भरून टाके एकमेकांना चिकटवून घालतात आणि दोन्ही टोकांना गाठीचे आडवे टाके देतात, म्हणजे भोक फाटत नाही. यंत्राचं काज आधी शिवलं जातं आणि मग मधे कापलं जातं. कापलेल्या कडेचे धागे बघितले की कोणतं काज कसं केलंय ते ओळखता येतं. फलकावर 'हाताचं काज' लिहिलंत तर जाणकार माणूस तिथे थांबेल.

गोव्याहून एक प्रतिसाद

पोर्तुगिजांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. मांडो गाताना आणि नाचताना आमच्याकडच्या ख्रिस्ती बायका जो पोशाख करतात, त्याला 'पानो भाजू' म्हणतात. पानो म्हणजे पोर्तुगीजमध्ये कापड. ते खाली गुंडाळायचं. भाजू म्हणजे वरचं सैल, जरीकामाचं अंगवस्त्र. हा 'भाजू' पोर्तुगीज नाही. तो मलाय भाषेतला 'बाजू', म्हणजे सदरा. मलाक्का १५११ ते १६४१ पोर्तुगिजांकडे होतं, आणि गोवा आणि मलाक्का यांच्यात जहाजांची सतत ये-जा होती. मलाय शब्दाचं मूळ पुन्हा फारसी 'बाजू', म्हणजे हाताचा दंड, असं मानतात. म्हणजे मराठीतल्या बाजूबंदातला 'बाजू' आणि मांडोतला 'भाजू' हे मुळात एकच.

आजच्या फॅशनकडे यायचं तर गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांचं काम मुलांना जरूर दाखवा. पॅरिसमध्ये शिकून आलेला हा माणूस कुणबी लुगड्याकडे वळला आणि विस्मरणात चाललेलं ते लाल चौकड्यांचं कापड त्यांनी पुन्हा चर्चेत आणलं. २०२० मध्ये ते गेले. बाहेरची दृष्टी घेऊन माणूस आपल्याच अंगणातली वस्तू उचलतो, याचं त्यांच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. आणि कृपा करून फलकावर 'कुणबी साडी' बरोबर 'ट्रायबल प्रिंट' असं काही लिहू नका. ते विणलेलं कापड आहे, छापलेलं नाही.

मूळ विचारणाऱ्या ताई

सगळ्यांचे आभार. 'काज' ऐकून मुलं उड्या मारतायत. पेझली आणि इकतचं काय करू? एका मुलीचं म्हणणं असं की 'कोयरी' म्हटलं की हळदीकुंकवाचा करंडा डोळ्यांसमोर येतो, आधुनिक जंपसूटला ते शोभत नाही.

पहिल्या वाचकाचा प्रतिसाद

तिला सांगा, डोळ्यांसमोर करंडा येतो हीच त्या शब्दाची श्रीमंती आहे. पेझली हे स्कॉटलंडमधल्या, ग्लासगोजवळच्या एका गावाचं नाव. काश्मिरी शालींना युरोपात इतकी मागणी आली की एकोणिसाव्या शतकात तिथल्या मागांवर त्यांच्या नकला विणायला सुरुवात झाली. त्या नकलेवरून सगळ्या जगाने नक्षीला त्या गावाचं नाव दिलं. नक्षी इराण आणि काश्मीरची, फारसीत तिला 'बुता' म्हणतात. आपला बुट्टा आणि बुट्टी त्यावरूनच. मराठी माणसाने त्या आकारात आंब्याची कोय पाहिली आणि कोयरी म्हटलं. आता पुण्यातल्या मुलीने पुण्यातल्या प्रदर्शनात नकल करणाऱ्या गावाचं नाव लावायचं आणि आपलं नाव जुनाट वाटतं म्हणून टाकायचं, हे मला मान्य नाही. 'कोयरीच्या छापाचा जंपसूट' लिहा. जंपसूट जंपसूटच राहू दे, त्याला मराठी शब्द शोधायची गरज नाही.

इकतची गोष्ट वेगळी. हा मलाय-इंडोनेशियन भाषेतला शब्द, अर्थ बांधणं. विणण्याआधीच सुताला जागोजागी गाठी बांधून रंगवायचं, म्हणजे नक्षी सुतातच उतरते आणि विणताना ती जुळवत जायची. नक्षीच्या कडा जराशा पसरलेल्या दिसतात त्या त्यामुळे. युरोपीय अभ्यासकांनी हा शब्द सगळ्या जगातल्या अशा कापडांना लावला आणि तो फिरून आपल्याकडे आला. ओडिशात याच कामाला 'बांधा' म्हणतात, गुजरातेत पाटणचं पटोळं आहे, तेलंगणात पोचमपल्ली. मराठी बायका साडीच्या दुकानात 'पोचमपल्ली दाखवा' किंवा 'पटोळा दाखवा' असंच म्हणतात. कापड कुठलं हे मुलांना माहीत असेल तर त्या ठिकाणाचं नाव लिहा. माहीत नसेल तर त्यांनी विणकराला किंवा दुकानदाराला विचारून यावं. सगळ्यांना मिळून एक शब्द हवाच असेल तेव्हा 'इकत' वापरा, हरकत नाही.

आणखी एक वाचक

एक पुरवणी. एका फलकावर नक्की 'व्हरांडा' असणार. ओटी, ओसरी, पडवी, सज्जा यांतलं काहीही दिसलं की हल्ली तोच शब्द वापरतात. वास्को द गामाच्या १४९८च्या प्रवासवृत्तान्तात तो पोर्तुगीज शब्द म्हणून सापडतो, म्हणजे शब्द बाहेरचा असला तरी इथे येऊन पाचशे वर्षं झाली. तो काढून टाका असं म्हणत नाही, पण पडवी म्हटलं की उतरतं छप्पर दिसतं, आणि सज्जा म्हटलं की भिंतीबाहेर काढलेली जागा दिसते. व्हरांड्यात यातलं काही दिसत नाही.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची मुंबईतली कांचनजंगा इमारत मुलांनी अभ्यासली असेल. १९८३ मध्ये पूर्ण झाली. जुन्या बंगल्यात राहायच्या खोल्यांभोवती व्हरांडा असायचा, तो ऊन आणि पाऊस अडवायचा. कोरियांनी तीच युक्ती बहुमजली इमारतीत नेली. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंच अशी मोकळी, आत घेतलेली बागेची गच्ची काढली. तिथे समुद्रावरचा वारा घरात घ्यायचा होता, आणि पश्चिमेचं ऊन आणि पावसाळ्याचा मारा थोपवायचा होता. म्हणून तिथे 'बाल्कनी' हा शब्द चालणार नाही, कारण बाल्कनी भिंतीबाहेर लटकते आणि ही जागा इमारतीच्या पोटात आहे.

पहिल्या वाचकाचा शेवटचा प्रतिसाद

'फ्यूजन' राहिलं. मिलाफ, सरमिसळ, संगम असे शब्द सुचवता येतील, पण मी यातला एकही सुचवणार नाही. 'फ्यूजन'मधून नेमकं काय घेतलं आणि कुणाकडून घेतलं हे कळत नाही, आणि 'संगम' लिहूनही कळणार नाही. तो शब्द सगळ्या फलकांवरून काढा आणि त्या जागी सरळ वर्णन लिहायला लावा : 'बाही जपानी किमोनोची, कापड खणाचं, काज हाताचं.' किंवा : 'महिरप वाड्याची, साहित्य लोखंडी पत्रा, कापणी लेझरने.' पहिल्या फलकावर किमोनो लिहिलं म्हणून कुणी अडणार नाही, तो शब्द आता मराठी वाचकाला कळतो. 'इकत' एका 'क'ने लिहा. दुकानांच्या पाट्यांवर 'इक्कत' दिसतं, पण मूळ उच्चारात जोडाक्षर नाही.