नर्सेसची एम्पथी मोजायची कशी? जपानचे स्कोर वाचून प्रश्न पडलाय

सत्तरीची_लेक

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी नर्सिंग करतेय, गोव्यातच, आणि डिसर्टेशनला विषय घेतलाय वॉर्डातल्या नर्सेसना पेशंटबद्दल किती एम्पथी, म्हंजे त्यांना समजून घेण्याची वृत्ती, आहे ते मोजणं. गाईड मॅडम म्हणाल्या जेफरसन स्केल वापर, सगळे तेच वापरतात. ते शोधता शोधता मी जपानच्या पेपर्समध्ये शिरले, कारण तिकडे त्याचं जपानी भाषांतर करून आधी मेडिकल स्टुडंट्सवर आणि मग नर्सेसवरही काम झालंय.

आता अडलंय कुठे ते सांगते. स्केलमध्ये २० वाक्यं आहेत, प्रत्येकाला १ ते ७ मार्क, म्हंजे स्कोर २० ते १४० च्या मध्ये कुठेतरी येणार. ओकायामा युनिव्हर्सिटीतल्या ४०० मेडिकल स्टुडंट्सचा जो अभ्यास २००९ ला आला त्यात सरासरी १०४ च्या आसपास आहे आणि अमेरिकेतल्या स्टुडंट्सची ११५ च्या आसपास. मग याचा अर्थ काय घ्यायचा, जपानी माणसाला पेशंटबद्दल कमी वाटतं? मला हे अजिबात पटत नाही, पण पटत नाही हे डिसर्टेशनमध्ये लिहिता येत नाही ना. आणि उद्या आमच्या नर्सेसचा स्कोर ९५ आला तर मी काय लिहू, गोव्यातल्या नर्सेस जपानपेक्षा कोरड्या? माझ्या सगळ्या सीनियर्स त्यात असणार, त्यांच्याविषयी असं एक वाक्य छापून ठेवायची माझी तयारी नाही.

शिवाय भाषेचा प्रश्न आहेच. फॉर्म इंग्लिशमध्ये द्यावा, मराठीत की कोंकणीत? कोणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा, सिनॉप्सिस, म्हंजे अभ्यासाचा आराखडा, लवकरच द्यायचाय.

---

आकडेमोड

चांगला विषय घेतलायस, आणि प्रश्न योग्य ठिकाणी पडलाय. मी बायोस्टॅट, म्हंजे वैद्यकीय संख्याशास्त्र, शिकवतो त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

आधी हे बघ की तो आकडा मोजतो काय. जेफरसन स्केल फिलाडेल्फियातल्या जेफरसन युनिव्हर्सिटीत होजत आणि त्यांच्या टीमने २००१ च्या सुमारास आणलं, आणि त्यांची भूमिका पहिल्यापासून स्पष्ट आहे की एम्पथी म्हंजे मुख्यतः समजून घेणं, पेशंटला काय होतंय, त्याला कसली काळजी आहे ते समजणं, समजलंय हे त्याला कळवता येणं आणि मदत करायची इच्छा असणं. पेशंटबरोबर स्वतः कोसळणं त्यात येत नाही, उलट ते वेगळं ठेवलंय. म्हणून वाक्यं सगळी मताची आहेत, पेशंटच्या जागी उभं राहून बघणं महत्त्वाचं वाटतं का, त्याच्या भावनांकडे लक्ष दिल्याने उपचाराला फरक पडतो का, असल्या धर्तीची. तर नर्सला काय पटतं ते तुला कळणार. रात्री अडीचला बेल वाजल्यावर ती काय करते ते या कागदावर येत नाही.

आता जपान. पहिली गोष्ट म्हंजे तो १०४ स्टुडंट्सचा आहे, नर्सेसचा नाही, आणि तेही मेडिकलचे, त्यामुळे तुझ्या नर्सेसशी त्याची तुलना करूच नको. दुसरी, १ ते ७ अशी पट्टी समोर ठेवली की पूर्व आशियातले लोक टोकाला कमी जातात आणि मधल्या आकड्यांवर जास्त थांबतात, हे बऱ्याच सर्व्हेंमध्ये दिसलेलं आहे. अमेरिकन माणूस ७ ला टिक करतो तिथे जपानी माणूस ५ वर थांबतो, वाटणं कदाचित सारखंच. २० वाक्यांत प्रत्येकी अर्धा मार्क असा सुटला तरी १० मार्कांचा फरक झाला. म्हंजे देशादेशांतली जी दरी तू बघतेयस त्यातली किती मनाची आणि किती टिक करायच्या सवयीची, हे नुसत्या सरासरीवरून सांगताच येत नाही.

तिसरी गोष्ट उलट्या वाक्यांची. २० पैकी १० वाक्यं नकारार्थी आहेत, त्यांचे मार्क उलटे मोजायचे. भाषांतरात हीच वाक्यं घोळ घालतात, दमलेला माणूस शिफ्ट संपल्यावर फॉर्म भरतो आणि 'नाही' वाचायचं राहून जातं. बऱ्याच भाषांत फॅक्टर अ‍ॅनालिसिस, म्हंजे कुठली वाक्यं एकत्र जातात ते बघणं, केलं की ही वाक्यं वेगळा गट करून बसतात, तो गट एम्पथीचा नसतो, वाक्याच्या घडणीचा असतो. तुझ्या डेटात हे मुद्दाम तपास. आणि क्रॉनबॅक अल्फा ०.८ आला म्हणून खूश होऊन थांबू नको, अल्फा एवढंच सांगतो की वाक्यं एकमेकांशी जुळतात, ती बरोबर गोष्ट मोजतात का ते नाही सांगत.

स्केलला त्या जेफरसन युनिव्हर्सिटीची परवानगी लागते, फी पण असते, त्याचा मेल आजच टाक. आणि व्हर्जन बघून माग, स्टुडंट्सचं वेगळं, काम करणाऱ्यांचं वेगळं असतं.

---

रात्रपाळी

बाय, मी डिचोलीची, नर्सिंगमध्ये केस पिकले. वरच्या सरांनी लिहिलंय ते सगळं बरोबरच असेल पण माझं म्हणणं जरा ऐक.

एम्पथी ही नर्सच्या आत असलेली एक ठरावीक गोष्ट आहे, कोणात जास्त कोणात कमी, असं धरून तू निघालीस तर तुझा अभ्यास पहिल्याच पायरीला चुकेल. तीच मुलगी सकाळच्या ड्युटीला पेशंटच्या उशाशी बसून सुनेपासून नातवापर्यंत सगळं विचारते आणि तीच मुलगी नाईटला दोघींच्या जागी एकटी असली, चार सलाईन, एक ब्लड चालू, एक ॲडमिशन दारात, की नुसतं 'हां आजी आले' म्हणून पुढे जाते. तिच्यातली माया संपली काय? ती कुठे जाणार, तिला वेळच नाही. म्हणून फॉर्मवर हे लिहून घे की त्या महिन्यात नाईट किती झाल्या, एका वेळी पेशंट किती होते, मदतीला कोण होतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम बघ, शिकवायच्या हॉस्पिटलात जनरल वॉर्डला ३ पेशंटना १ नर्स असं लिहिलंय, आणि प्रत्यक्षात कुठे काय असतं ते तुला मी सांगायला नको.

जपानचं म्हणशील तर तिथेही सगळं आलबेल नाही गो. तिकडे २००६ पासून ७ पेशंटमागे १ नर्स ठेवली की हॉस्पिटलला जास्त पैसे मिळतात अशी पद्धत सुरू झाली, आणि नाईटचे तास महिन्याला सरासरी ७२ च्या आत ठेवायची अट आहे, तरीपण बऱ्याच ठिकाणी नाईट १६ तासांची असते. सोळा तासांनंतर कोणी पेशंटच्या जागी उभं राहून बघावं ही अपेक्षा करायची तर आधी तिला खुर्ची द्या बसायला.

आणि बर्नआऊट, म्हंजे कामाने माणूस आतून थकून जाणं, ते मोजल्याशिवाय एम्पथी मोजू नकोस. मास्लाकचं २२ प्रश्नांचं स्केल आहे, त्यात एक भाग असा आहे की पेशंट माणूस न वाटता केस वाटायला लागतो का. चांगल्या चांगल्या मुली तिथे पोचलेल्या मी बघितल्यात आणि मला त्यांचा राग कधी आला नाही, वाईट वाटलं. तू नुसती एम्पथी मोजलीस तर कमी स्कोर त्या मुलीच्या नावावर चढेल. दोन्ही मोजलंस तर तो ड्युटी रोस्टरच्या नावावर पण चढेल, आणि ते चढायला हवं.

---

पेडणेकार

मी नर्स नाही, डॉक्टर नाही, पेशंटचा मुलगा म्हणून लिहितोय. वडील पॅरालिसिसने बरेच दिवस ॲडमिट होते. तिथे एक सिस्टर होती, फारसं बोलायची नाही, हसायची पण नाही, आमची आई सुरुवातीला म्हणायची ही कडक आहे. पण वडलांना कुशीवर वळवताना आधी त्यांच्या डोळ्यांसमोर येऊन उभी राहायची, सांगायची आता डावीकडे वळवते, आणि मग हात लावायची. वडलांना बोलता येत नव्हतं, पण ती आली की त्यांचं अंग सैल पडायचं, बाकी कोणी आलं की ताठ. या बाईने तुमच्या फॉर्मवर स्वतःला किती मार्क दिले असते मला माहीत नाही, पण माझ्या वडलांना विचारता आलं असतं तर त्यांनी पैकीच्या पैकी दिले असते. तर पेशंटला विचारणारं काही स्केल नाही का?

---

आकडेमोड

पेडणेकार, आहे. केअर मेजर म्हणून आहे, स्टुअर्ट मर्सर यांनी स्कॉटलंडमध्ये बनवलं, २००४ ला आलं. १० प्रश्न, पेशंटने भरायचे, प्रत्येकी १ ते ५, म्हंजे १० ते ५०. तुमचं म्हणणं नीट ऐकून घेतलं का, तुम्हाला पूर्ण माणूस म्हणून बघितलं का, असे प्रश्न आहेत. मूळ डॉक्टरांच्या कन्सल्टेशनसाठी होतं पण नर्सेससाठीही वापरलं गेलंय, आणि जपानी भाषांतरही झालंय.

तुम्ही जे डोळ्यांसमोर येऊन उभं राहायचं सांगितलंत त्यावर तर जपानमध्ये मोठं काम चालू आहे. ह्युमॅनिट्यूड म्हणून मूळची फ्रेंच पद्धत, जिनेस्त आणि मारेस्कोत्ती यांची, तिचे चार खांब म्हंजे नजर, बोलणं, स्पर्श आणि पेशंटला उभं करणं. टोकियोतल्या डॉक्टर मिवाको होंदा यांनी ती तिकडे नेली, डिमेन्शियाच्या पेशंटसाठी मुख्यतः, कारण तिकडे म्हातारी माणसं प्रचंड आहेत. आणि त्यात काही संशोधकांनी देखभाल करणाऱ्याच्या डोक्यावर कॅमेरा लावून नजर खरंच किती वेळा मिळते, किती अंतरावरून, कुठल्या कोनातून, तेच मोजलंय. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. स्वतःबद्दलचं मत न विचारता थेट वागणं मोजलं. ज्या देशाचा कागदावरचा आकडा बघून आपण शंका घेत होतो, तिथेच हे चाललंय.

सत्तरीची लेक, तुझ्या डिसर्टेशनला कॅमेरे नको लावूस, एथिक्स कमिटी हो म्हणणार नाही आणि वेळही नाही. पण नर्सेसकडून जेफरसन आणि त्याच वॉर्डातल्या पेशंटकडून केअर, असं जोडीने घेतलंस तर तुझा अभ्यास नुसत्या सरासरीच्या वर जाईल. दोन्ही जुळले नाहीत तरी तोही एक निष्कर्षच आहे, लपवू नको.

---

सत्तरीची_लेक

खूप खूप आभार सगळ्यांचे. काकी, रोस्टरचा मुद्दा मी सिनॉप्सिसमध्येच घालते, मॅडमना पण दाखवते. जपान-अमेरिका तुलना काढून टाकते, फक्त स्केल कसं वागतं एवढ्यापुरता जपानचा उल्लेख ठेवते.

अजून दोन शंका. पेशंटचा फॉर्म कुठल्या भाषेत? आमच्याकडे एकाच वॉर्डात सत्तरी तालुक्यातला मराठी वाचणारा, सासष्टीची फक्त रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी वाचणारी आजी, कारवारहून आलेला कन्नडवाला, सावंतवाडीचा मालवणी बोलणारा, सगळे असतात. आणि नर्सेसमध्ये केरळच्या मुली आहेत ज्यांना इंग्लिशच बरं पडतं. दुसरी, नर्सेसना फॉर्म कोणी द्यावा, इन्चार्ज सिस्टर देते म्हणाल्यात.

---

रात्रपाळी

इन्चार्जच्या हातून अजिबात नको. इन्चार्जने दिला की सगळ्या मुली ७ वर टिक करतील, कोण म्हणेल मला पेशंटचं काही पडलेलं नाही. तू स्वतः दे, नाव लिहायचं नाही, बंद पाकीट, आणि पेटी वॉर्डाबाहेर ठेव. ड्युटी सुटायच्या वेळी देऊ नकोस, बस पकडायची असते सगळ्यांना, वाचणार नाहीत. टी-ब्रेकच्या आधी दे. आणि पेशंटला विचारायला युनिफॉर्म घालून जाऊ नकोस बाय, त्याला वाटेल आपण तक्रार केली तर रात्री सुई जोरात टोचतील. साध्या कपड्यांत जा, आणि शक्यतो डिस्चार्जचा कागद हातात पडल्यावर विचार.

---

आकडेमोड

भाषेचं असं कर. नर्सेसना इंग्लिश मूळच दे, सगळ्यांनी शिक्षण इंग्लिशमधून घेतलंय, तिथे भाषांतराचा नवा घोळ नको. पेशंटच्या फॉर्मचं मराठी आणि कोंकणी भाषांतर करून घे, मग ज्याने मूळ बघितलेलं नाही अशा माणसाकडून परत इंग्लिशमध्ये करून घे, आणि दोन्ही इंग्लिश समोरासमोर ठेवून कुठे अर्थ सरकला ते बघ. त्यासाठीही मूळ लेखकांची परवानगी माग. लिपीचा प्रश्न सुटेल जर फॉर्म पेशंटच्या हातात न देता वाचून दाखवलास तर, देवनागरी असो की रोमी, ऐकायला कोंकणी ती कोंकणीच, फक्त बार्देशची आणि सासष्टीची बोली वेगळी पडते म्हणून आधी थोड्या पेशंटना वाचून दाखव आणि विचार की तुम्हाला काय समजलं. मात्र वाचून दाखवायचं ठरवलंस तर सगळ्यांनाच वाचून दाखव, अर्ध्यांनी स्वतः भरला आणि अर्ध्यांना वाचून दाखवला असं झालं तर फरक कशाचा ते कळणार नाही. कन्नडवाल्यांना बाहेर ठेवावं लागलं तर ठेव, पण किती जण बाहेर राहिले तो आकडा लिही.

आणि अ‍ॅनालिसिस करताना वॉर्ड विसरू नको. एकाच वॉर्डातल्या नर्सेस एकमेकींसारखी उत्तरं देतात, एकच इन्चार्ज, एकच रोस्टर, त्यामुळे सगळ्यांना सुट्या सुट्या धरून टी-टेस्ट (दोन सरासरींतला फरक तपासायची चाचणी) लावलीस तर निकाल असेल त्यापेक्षा पक्का वाटेल. सॅम्पल साईज काढायच्या आधी वॉर्ड किती मिळतायत ते इथे टाक, मग बसून बघू.