'स्टॅबिलिटी स्ट्रॅटेजी'ला मराठीत काय म्हणाल?

कोरांटी: व्यवस्थापनाचं एक पाठ्यपुस्तक मराठीत आणतेय. ग्रोथला 'वाढ', रिट्रेंचमेंटला 'काटछाट' लावून पुढे सरकले, स्टॅबिलिटीपाशी (कंपनीनं ना वाढायचं, ना आवरायचं, आहे तेच सांभाळायचं) अडले. मी 'स्थैर्य व्यूहरचना' लिहिलं, तपासनीसबाईंनी खोडून 'स्थिरता धोरण' केलं. फरक आहे का काही? त्यात पुस्तकात या स्ट्रॅटेजीच्या तीन तऱ्हा आहेत: काहीच न बदलणं, मोठ्या वाढीनंतर जरा थांबणं, आणि खर्च आवळून नफा दाखवत राहणं.

उंबरठा: व्याकरणात फरक नाही. धीरचं धैर्य आणि धीरता, तसंच हे. वापरात मात्र आहे. रिझर्व्ह बँकेनं रेपो दर (बँकांना ती ज्या व्याजानं पैसे देते तो) 'स्थिर' ठेवला म्हणजे हलवला नाही. आणि एरवी तो हलवतात कशासाठी, तर किमतींच्या 'स्थैर्या'साठी!

जुनाखांब: मग स्थैर्यच घ्या. 'प्रकृती स्थिर आहे' ऐकलं की आमच्याकडे गावाला फोन लावायला घेतात.

गिरणगावकर: तिसऱ्या तऱ्हेला तरी स्थैर्य म्हणू नका. आजोबा साचेखात्यात होते. माग त्यांच्याच वयाचे, दुरुस्तीला पैसा नाही आणि मालकाचा ताळेबंद झकास. चारा तोडून दूध काढणं झालं हे. गिरणी गेली, तेव्हा नवल फक्त मालकाला वाटलं.

शब्दवेल्हाळ: मुळात व्यूहरचना कशाला? दुकान आहे तसं चालवायचं, त्याला कसला चक्रव्यूह? 'धोरण'ही नको, ती पॉलिसी झाली.

उंबरठा: स्ट्रॅटेजी तरी कुठून आली? ग्रीक सेनापतीकडूनच की.

शब्दवेल्हाळ: ग्रीकांचं ग्रीकांना लखलाभ. 'डावपेच' म्हणा, आपल्या तांबड्या मातीतला शब्द.

जुनाखांब: त्यातला पेच फारसी आहे हो. असे शब्द काढायला शिवकाळातच राज्यव्यवहारकोश झाला.

गिरणगावकर: आणि निघाले का? पेशव्याला 'प्रधान' सुचवला होता त्यात. लोक पेशवेच म्हणत राहिले.

भाजीपोळी: दुसऱ्या तऱ्हेबद्दल सांगते. बाबांचं किराणा दुकान. दुसरं दुकान चालायला लागल्यावर दादा तिसऱ्यासाठी हटून बसला. बाबा म्हणाले, "आधी याची घडी बसू दे." दोन वर्षं गेली. दादाच्या मते तेवढ्यात स्टँडसमोरचा गाळा हातचा गेला, बाबांच्या मते तेवढ्यात उधारी वसूल झाली. दर दिवाळीला फराळाबरोबर हे असतंच. तर 'घडी बसवणे' कसं वाटतं?

उंबरठा: झकास! पण काहीच न बदलण्याला ते चालणार नाही. तिथे कोर्टातलं 'जैसे थे' बरं.

कोरांटी: घडी मलाही आवडली गं. पण "घडी बसवण्याचे फायदे-तोटे लिहा, गुण १०" असं पेपरात आलं तर मुलं इस्त्रीवर लिहितील. सोमवारी तपासनीसबाईंना मजकूर द्यायचाय. स्थैर्य की स्थिरता, एवढंच सांगा ना.

जुनाखांब: सांगतो, पण कोरांटीताई, 'तपासनीस'मधला 'नीस'सुद्धा फारसी 'नवीस' बरं का. फडणीस, चिटणीस, सगळे त्याच घरातले.

शब्दवेल्हाळ: चिटणीसाला 'लेखक' चालेल का?